मदत हवी आहे: धुळे जिल्ह्यात उद्योग यावेत म्हणून गुंतवणूकदारांसमोर नेमकं काय मांडावं?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या उद्योजकांच्या गटासाठी एक टिपण तयार करायचं आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे हे तिन्ही महामार्ग धुळ्यात मिळतात. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर साधारण दीडशे किलोमीटरवर, सुरत आणि इंदूर अडीचशेच्या आसपास. अवधान आणि नरडाणा इथे एमआयडीसी आहे, उधना-जळगाव रेल्वेमार्ग दुहेरी झाला आहे, तापीचं पाणी आहे. कागदावर सगळं छान दिसतं, तरी गाड्या इथून नुसत्या पुढे जातात. टिपणात काय घालावं, कोणत्या उद्योगांच्या मागे लागावं आणि सुरुवात कुठून करावी? ज्यांनी अशी कामं जवळून पाहिली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

मोजणीवही:
नकाशा पहिल्या पानावर एकदाच द्या आणि पुढे निघा. कंपनीचा माणूस नकाशा बघूनच फोन करतो. त्याचा दुसरा प्रश्न असतो, "सहा महिन्यांत कुठल्या प्लॉटवर बांधकाम सुरू करता येईल?" बहुतेक जिल्हे तिथेच अडखळतात.

म्हणून आधी दहा-बारा प्लॉट निवडा आणि प्रत्येकाचं एक पान करा. त्यावर पुढील गोष्टी हव्यात:

- क्षेत्र चौरस मीटरमध्ये, ताबा कोणाकडे आहे, न्यायालयात काही वाद आहे का. एमआयडीसीबाहेरची जागा असेल तर सातबारा, फेरफार आणि अलीकडची मोजणी. अनेकांच्या सामाईक मालकीचा, वाटणी न झालेला जमिनीचा गट यादीत घेऊच नका.
- तीन मीटरचा खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो ते. काळी माती फुगते आणि आकसते, त्यामुळे पायाचा खर्च वाढतो. हे आधी कळलं तर तो हिशोब करतो, नंतर कळलं तर निघून जातो.
- चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर महामार्गापासून गेटपर्यंत वळतो का. एका अरुंद मोरीवरून अख्खा प्लॉट बाद होऊ शकतो.
- जवळच्या सबस्टेशनवर किती एमव्हीए (वीजभाराचं एकक) क्षमता शिल्लक आहे आणि त्या फीडरवर (सबस्टेशनवरून प्लॉटकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर) गेल्या बारा महिन्यांत वीज किती वेळा, किती मिनिटं गेली. "मुबलक वीज" या शब्दांना काही किंमत नाही.
- पाणी दिवसाला किती घनमीटर मिळेल, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि कठीणपणा किती. मे महिन्याचा आकडा वेगळा द्या.

अजून एक. शंभर एकर म्हणजे सुमारे 4,04,700 चौरस मीटर, पण रस्ते, मोकळी जागा आणि सुविधांचे भूखंड वगळले की वाटपाला साधारण साठ-पासष्ट टक्केच उरतं. एकूण क्षेत्र "उपलब्ध" म्हणून छापू नका.

रेकवाला:
रेल्वेबद्दल दोन गोष्टी. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली (309 किमी, 18,036 कोटी). तो "मंजूर, काम सुरू" असाच लिहा, आज असलेल्या सोयींच्या यादीत नको. समर्पित मालवाहतूक मार्गही (फक्त मालगाड्यांसाठीचा रेल्वेमार्ग) धुळ्यातून जात नाही. तो सुरत-वसईकडून न्हावाशेव्याला जातो. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गही गुजरातकडून खाली येतो. म्हणजे फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांवर भिस्त ठेवली तर ती वाहतूक पुढे पातळ होणार. माल इथे तयार झाला पाहिजे.

कंटेनर गाडी 45 वाघिणींची, म्हणजे वीस फुटी 90 कंटेनर. नरडाण्याला मालधक्का (रेल्वेत माल चढवण्या-उतरवण्याची जागा) मागायचा असेल तर कोणता कारखाना आठवड्याला किती कंटेनर देईल याची लेखी पत्रं गोळा करा. 2021 च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणात खाजगी टर्मिनलला वाव आहे, पण माल दाखवल्याशिवाय कोणी पैसे घालणार नाही.

पांझराकाठ:
धन्यवाद, फीडरचा मुद्दा डोक्यातच नव्हता. उद्योग कोणते निवडावेत? गोदामांसाठी बरीच विचारणा होते.

सरकीपेंड:
गोदामं घ्या, पण महामार्गालगतची सगळी जागा त्यांना देऊन टाकू नका. एकरी रोजगार फार कमी असतो.

कापसाकडे बघा. शंभर किलो कापसातून साधारण 34-35 किलो रुई निघते, तिची 170 किलोची गाठ बांधली की ती जिल्ह्याबाहेर जाते. सूत, कापड आणि कपड्यांचा पैसा दुसरीकडे पडतो. शिरपूरला वस्त्रोद्योग रुजला आहे, तिथून पुढची साखळी बांधा. मात्र रंगाई-प्रक्रिया मागताना सांडपाण्याचं उत्तर तयार हवं, नाहीतर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीवर प्रकल्प अडकेल आणि तापीचंही नुकसान होईल. दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीसाठी शीतगृह, दळण आणि तपासणी प्रयोगशाळा एकत्र आणा. मिरची दहा-अकरा टक्के ओलाव्यावर आणून थंडीत ठेवली तर रंग टिकतो. ओली साठवली की बुरशी धरते आणि तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषामुळे निर्यातीचा माल परत येतो.

करदाता:
सवलतींच्या पानावर एक मोठी चूक होते, ती टाळा. 2019 च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत (उद्योगांना सवलती देणारी राज्याची योजना) परतावा राज्य जीएसटीवर बेतलेला होता आणि त्यासाठी महाराष्ट्रातली पहिली विक्री धरली जायची. धुळ्याचा माल सुरत-इंदूरला गेला की त्यावर राज्य जीएसटी नाही, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) लागतो. म्हणजे सीमेवरच्या कारखान्याला जाहिरातीतल्या आकड्याइतका परतावा मिळेलच असं नाही. गुंतवणूकदाराला राज्यातली आणि राज्याबाहेरची विक्री विचारा, चालू शासन निर्णय आणि सवलतींसाठीची तालुक्याची वर्गवारी समोर ठेवा आणि दोन्ही हिशोब मांडून दाखवा. परतावा उशिरा येतो हे धरूनच खेळतं भांडवल काढा.

मोजणीवही:
सुरुवात कुठून करावी हे राहिलं होतं. नवे पाहुणे शोधण्याआधी अवधान आणि नरडाण्यात आज चालू असलेल्या प्रत्येक कारखान्यात जा आणि विचारा: विस्तार कशामुळे थांबला, कोणता सुटा भाग बाहेरून आणता? बाहेरून येणारा माणूस निर्णयाआधी गुपचूप त्यांनाच फोन करतो. त्यांच्या तक्रारींची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे न्या, प्रत्येक मुद्द्याला अधिकारी आणि तारीख लावून घ्या. बांधकाम न करता अडवून ठेवलेल्या प्लॉटची यादी एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी मागा. नवं भूसंपादन म्हणजे 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याखाली कलम 32 च्या नोटिसा, सुनावण्या आणि मोबदल्याचा प्रश्न. तो लांबचा रस्ता आहे, रिकामे प्लॉट त्याच्या कितीतरी आधी हाती येतील.