वडिलांच्या कानांची घरच्या घरी ॲपवर घेतलेली चाचणी कितपत ग्राह्य धरावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून साताऱ्याला राहतात. गेल्या महिन्यात मंडईत गवारीचे साठ रुपये झाले असे भाजीवाल्या मावशींनी सांगितले, तेव्हा बाबांनी ‘आठ’ ऐकून दहाची नोट पुढे केली आणि वर दोन रुपये परत मागितले. त्यावरून हशा झाला, पण मला जरा काळजी वाटली. घरी आल्यावर मी त्यांच्या कानांना माझे इअरफोन लावून एका मोफत ॲपवर ‘टूँ’ असा आवाज ऐकू आला की बोट दाबायची चाचणी घेतली, तर दोन्ही कानांत सौम्य दोष दिसला. दुसऱ्या दिवशी भावाचे इअरफोन लावून तीच चाचणी घेतली, तर निकाल ‘सामान्य’ आला. तिसऱ्या एका संकेतस्थळावर गोंगाटात उच्चारलेले इंग्रजी आकडे ओळखायचे होते; तिथे ते सपशेल नापास झाले. आता बाबा दुसऱ्याच निकालावर अडून बसले आहेत आणि डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. यातला कोणता निकाल खरा मानावा?

श्रवणतज्ज्ञ_कोल्हापूर

मी ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. आपल्या तीन निकालांपैकी एकही खोटा नाही, मात्र तिन्ही वेळा मोजले गेले ते वेगवेगळे.

क्लिनिकमधल्या ऑडिओमीटरचा हेडफोन त्या यंत्राशी जुळवून प्रमाणित केलेला असतो, त्यामुळे यंत्र ३० डेसिबल म्हणते तेव्हा कानापाशी नेमका किती आवाज पोहोचतो हे ठाऊक असते. फोनला ते ठाऊक नसते. तोच संकेत एका इअरफोनमधून मोठा आणि दुसऱ्यातून बारीक वाजतो, रबरी टोपण कानात नीट बसले नाही तर खालचे स्वर गळून जातात, आणि खोलीत पंखा चालू असेल तर २५० व ५०० हर्ट्झचे, म्हणजे खालच्या पट्टीचे स्वर (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका स्वर उंच) त्याच्या घरघरीत बुडतात. (पंखा बंद होता का, हे आपण लिहिलेले नाही.) ठरावीक इअरफोनसाठीच बनवलेल्या चाचण्या यामुळेच अधिक भरवशाच्या ठरतात.

आकड्यांच्या चाचणीत आवाज किती मोठा आहे याला फारसे महत्त्व नसते; गोंगाटाच्या तुलनेत बोलणे किती बारीक झाले तरी कळते, एवढेच पाहिले जाते. नेदरलँड्समध्ये २००३ पासून ही चाचणी चक्क दूरध्वनीवरून घेतली जात होती आणि जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ साली आलेले ॲपही त्याच तत्त्वावर चालते. इअरफोन बदलल्याने तिचा निकाल सहसा फारसा हलत नाही, ही तिची जमेची बाजू. पण बाबांना इंग्रजी आकडे मनात मराठीत उलटवावे लागत असतील, तर त्यांचे नापास होणे कानाचे की भाषेचे हे सांगता येणार नाही. शिवाय आवाज आपणच हवा तितका वाढवून घेतो, म्हणून मळाने किंवा पडद्याच्या दोषाने आलेला बहिरेपणा तिच्यातून निसटू शकतो.

मला विचाराल तर तिन्ही निकालांपेक्षा मंडईतला प्रसंग अधिक बोलका आहे. ‘आ’ हा स्वर खालच्या कंप्रतेचा आणि जोरकस असतो, तर ‘स’ची सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि वयोमानाने कान आधी तिथेच मंदावतो. म्हणून ‘साठ’चा ‘आठ’ होतो. अशी माणसे ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असेच म्हणतात आणि त्यात काही खोटे नसते.

सांजवात

ताईंच्या म्हणण्यात माझा स्वतःचा मूर्खपणा जोडतो. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तो डावा कान गच्च बसलेला होता. सर्दी असेल असे समजून अंगावर काढले आणि आठवडाभर रोज ॲपवर चाचणी घेऊन निकालाच्या आलेखातली रेषा वर येते का ते पाहत बसलो. आकड्यांच्या चाचणीत तर उत्तम गुण मिळाले, कारण दोन्ही कानांत एकच आवाज वाजत होता आणि सारे काम उजवा कान निभावून नेत होता. अखेर डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळले, की एका कानाचे ऐकणे असे अचानक गेले तर ती तातडीची बाब असते आणि स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. माझे निम्मेअधिक ऐकणे परत आले, बाकीचे आले नाही.

खटपट्या

यूट्यूबवर ‘तुमच्या कानांचे वय किती’ असे व्हिडिओ असतात, ते कृपया बाबांना दाखवू नयेत. त्यांत १५,००० हर्ट्झच्या पुढचे स्वर वाजवल्याचा दावा असतो, पण ध्वनी दाबून साठवताना ते पुष्कळदा कापलेच जातात. आणि नेहमीची ऑडिओमेट्री (क्लिनिकमधली श्रवणचाचणी) तरी ८००० हर्ट्झवर थांबते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. पंखा दोन्ही दिवशी चालू होता, हे कबूल करतो. बाबांना ‘साठ-आठ’चे कारण वाचून दाखवले, ते मात्र त्यांना पटले, शनिवारी कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तोवर मळ मऊ व्हावा म्हणून आई कानात कोमट तेल घालते म्हणते. घालू द्यावे का?

श्रवणतज्ज्ञ_कोल्हापूर

घालू नये, आणि काडीही फिरवू नये. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत उतरते, आणि काडीने मळ आणखी खोल ढकलला जातो. डॉक्टर आधी कानात पाहतील, मळ असल्यास काढतील आणि मगच ऑडिओमेट्री होईल. तीत हेडफोनखेरीज कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही चाचणी घ्यायला सांगावी. दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे की आतल्या, ते त्यावरून कळते आणि फोनवर हे होत नाही. चाचणीच्या आलेखाची प्रत मागून घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल.