महागाई 0.25 टक्के, मग वाण्याचं बिल उतरलं का नाही?
(चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

माजघर
ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के निघाला, 2012 हे आधारवर्ष (भाव 100 धरायचं वर्ष) असलेल्या मालिकेतला नीचांक. लगेच 'मध्यमवर्गाची रड आता पुरे' असे सल्ले सुरू झाले. माझं म्हणणं, हा आकडा घरखर्चाला लावणंच चूक आहे. हा वाढीचा वेग आहे, भाव नव्हे. ऑक्टोबर 2024 ला दर 6.21 होता. म्हणजे ऑक्टोबर 2023 ला 100 रुपयांत येणारं सामान वर्षाने 106.21 ला गेलं आणि ऑक्टोबर 2025 ला 106.48 ला. चढलं ते चढलंच, उतरलं काही नाही. शिवाय त्याच महिन्यात भाज्यांचा दर उणे 27.57 टक्के आणि तेल-तुपाचा अधिक 11.17. दुधी स्वस्त झाला म्हणून कुणी दुधीच्या रसात फोडणी घालत नाही.

दशांश
वेग आणि भाव यातला फरक मान्य. पण 'उतरलं काही नाही' हे तुमच्याच गणिताने खोटं पडतं. भाज्यांचा ऑक्टोबर 2024 चा दर 42.18 होता. 100 चे 142.18 झाले, त्यातून 27.57 टक्के गेले की उरतात 102.98. म्हणजे भाजी दोन वर्षांपूर्वीच्या भावाजवळ आली. डाळीही वर्षभरात 16 टक्के खाली आल्या.

लोक बिलाची बेरीज बघतात आणि तिला महागाई म्हणतात. तिथे चुकतं. परिमाण गोठवल्याशिवाय तुलना होत नाही. चौघांच्या घराचं धरा: गहू 20 किलो, तांदूळ 10, तूरडाळ 3, तेल 4 लिटर, साखर 4 किलो, दूध रोज दीड लिटर. हीच परिमाणं ठेवून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे भाव आणि आत्ताचे भाव लावायचे, आत्ताच्या बेरजेला जुन्या बेरजेने भागायचं. महिना तोच हवा, कारण जुलैचा टोमॅटो आणि डिसेंबरचा टोमॅटो हे दोन वेगळे प्राणी आहेत. दिवाळीचा महिना तर नकोच, तेल-साखर-बेसन फुगलेलं असतं. शाळेची फी, विम्याचा हप्ता, घरपट्टी बाराने भागून मिळवायची. कोलम सोडून आंबेमोहोर घेतला तर तो फरक महागाईच्या खात्यात टाकायचा नाही.

वाणसामान
परिमाण गोठवा म्हणणं सोपं आहे हो. कंपन्या गोठवू देत नाहीत. 1 लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. दुकानात 850, 810, अगदी 750 ग्रॅमच्याही पिशव्या असतात, दिसायला सारख्याच. उदाहरणापुरते भाव धरा: 850 ग्रॅमची 150 ला, 910 ग्रॅमची 158 ला. पहिली स्वस्त वाटते, पण किलोला 176.47 पडते, दुसरी 173.63. पाकिटांच्या ठरावीक मापांची सक्ती 2022 मध्ये उठली, त्याबदल्यात एकक किंमत छापणं आलं. किलोखालच्या पाकिटावर ती ग्रॅममागे असते, '₹0.21 प्रति ग्रॅम' अशी. हजाराने गुणलं की 210 रुपये किलो. अक्षर इतकं बारीक की चष्मा असूनही पाकीट तिरकं धरावं लागतं, ते सोडा. वहीत किलोचा भावच लिहायचा, पिशवीचा नाही.

हप्तेबंद
सगळे डाळ-तेलातच अडकलेत. महागाईचा दर ज्या निर्देशांकावरून काढतात, त्यात कर्जाचा हप्ता धरतच नाहीत. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. 30 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज 7 टक्क्यांनी असेल तर हप्ता 23,259. व्याज 9 टक्के झालं की 26,992, म्हणजे महिन्याला 3,733 जास्त. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटलं, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 22,500 होतं, मुद्दलात जेमतेम 759 जातात आणि कर्ज 38 वर्षांवर पोचतं. मुदत वाढवायची, हप्ता वाढवायचा की स्थिर व्याजाकडे जायचं, हे कर्जदाराला विचारावं असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बजावलं. 2025 मध्ये रेपो उतरला, पण मुदत ताणून ठेवलेल्या कर्जात त्या कपातीचा रुपयासुद्धा हातात दिसत नाही, ती मुदतीतच जिरते.

दशांश
हप्ता ही महागाई नाही, कर्जाची परतफेड आहे. निर्देशांकात तो घातला तर रिझर्व्ह बँकेने महागाई रोखायला व्याज वाढवलं की निर्देशांकच वर जाईल. घराच्या अंदाजपत्रकात मात्र त्याला वेगळी ओळ हवीच, तिथे तुमचं बरोबर.

बांधावरून
शहरातली मंडळी 'भाजी उतरली' म्हणून खूश आहेत, तो उतार कुणाच्या तरी उत्पन्नातून आलाय. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 असताना लातूरला त्याखाली सौदे होत होते. मग तेल का महाग? सोयाबीनमध्ये तेल साधारण 18 टक्के, बाकीची बहुतेक पेंड. इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा चोथा पशुखाद्यात उतरला आणि पेंडीचा भाव पडला, त्याने दाण्याचाही पाडला. तेलाचा भाव मात्र आयातीवर ठरतो. कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये 5.5 वरून 27.5 टक्के केलं, मे 2025 अखेर 16.5 वर आणलं. म्हणजे सोयाबीन विकणारं घर स्वस्तात विकतं आणि तेल महागात घेतं. निर्देशांकाची ठरलेल्या सामानाची टोपली यांना कशी बसणार?

माजघर
आणि ती टोपली 2011-12 च्या घरखर्चाच्या पाहणीची होती. ग्रामीण निर्देशांकात अन्नाला भार, म्हणजे शंभरातला वाटा, 54.18 होता, तर 2022-23 च्या पाहणीत ग्रामीण खर्चातला अन्नाचा वाटा 46.38. भाजी पडली की निर्देशांक गरजेपेक्षा जास्त पडणारच होता.

दशांश
भार जुना होता, मान्य. पण 2024 मध्ये भाजी भडकली तेव्हा त्याच भाराने निर्देशांक जास्त चढलाही होता. तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

माजघर
केली असती तरी उपयोग काय? निर्देशांकावर ज्यांचं पोट बांधलंय त्यांना तो चढला की भत्ता मिळतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जुलै 2025 पासून 58 टक्के झाला. ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 वरच आहे, तिला भत्ता नाही. त्या घरात दर 0.25 असो की 6.21, तेलाची पिशवी घेताना फरक काय पडतो ते तुमच्या भागाकारात दाखवा.

दशांश
भागाकारात ते दिसणार नाही. तिथे प्रश्न उत्पन्नाचा आहे, मोजमापाचा नाही. त्यासाठी निर्देशांकाला खोटं ठरवायची गरज नाही. उलट पेन्शन त्याला जोडा अशी मागणी करायची तर आकडा हाच लागेल.