मदत हवी आहे: सागवानी गुराबेच्या (जुन्या लढाऊ जहाजाच्या) प्रतिकृतीला एअरब्रशने रंग देताना पृष्ठभाग खरखरीत होतो

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कापसाची शेती करतो आणि वडिलांकडून शिकलेले सुतारकामही करतो. जुन्या घराच्या सागवानी चौकटी निघाल्या, तेव्हा त्यातून मराठा आरमारातील दोन डोलकाठ्यांच्या गुराबेची सुमारे दोन फूट लांबीची प्रतिकृती करायला घेतली. दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून सांगाड्यावर बसवल्या. हे काम मनासारखे झाले आहे. अडचण रंगाची आहे, आणि त्यात मी पूर्णपणे नवखा आहे.

कुंचल्याने रंग दिला की तो पट्ट्यांमधील बारीक सांधे भरून टाकतो आणि जहाज एकाच ओंडक्यातून कोरल्यासारखे दिसते. सांधे दिसले पाहिजेत, अशी माझी इच्छा असल्यामुळे ०.३ मिलिमीटर नोझलचा, वर कप असलेला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारे साधन) मागवला. मे महिन्यात भर दुपारी, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, सपरीत बसून वीतभरापेक्षा जास्त अंतरावरून काळा ॲक्रिलिक रंग मारला. तो काचपेपरसारखा खरखरीत बसला आणि दर पाच मिनिटांनी नोझल तुंबत राहिले. तो सगळा घासून काढला. पुढे जुलैमध्ये, फर्निचरचे पॉलिशवाले रंगाआधी लाकडाची छिद्रे बुजवायला वापरतात ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर याच एअरब्रशने दिले; मात्र त्या आठवड्यात झड लागली होती आणि सीलरवर दुधाच्या सायीसारखा पांढरट पडदा आला. शिवाय हवेसाठी गावातील पंक्चरच्या दुकानातला काँप्रेसर रेग्युलेटर लावून वापरत असल्याने की काय, रंगात मोहरीएवढे गोल खड्डेही पडतात.

सीलर, प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर) आणि रंग यांचा योग्य क्रम कोणता, दाब किती ठेवावा, हा पांढरट पडदा सगळे न खरवडता काढता येईल का आणि भारनियमनाच्या वेळी हवेची काय सोय करावी, हे कृपया सांगावे. पश्चिम किनाऱ्यावरील लाकडी गलबतांच्या तळाला चुना व चरबी यांचा लेप देत असत, म्हणून पाणरेषेखाली पांढरट आणि वर काळा रंग देण्याचा विचार आहे. ती रेषा सरळ कशी आखावी, हेही समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद:

आपल्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत. मे महिन्यातील खरखर रंगाचे थेंब लाकडापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच वाळल्यामुळे आली. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांतच काम करावे, अंतर चार बोटांपासून फार तर सहा बोटांपर्यंत ठेवावे, रंग दुधाइतका पातळ करावा आणि त्यात त्याच कंपनीचे रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारे द्रव्य) थोडे मिसळावे. ०.३ च्या नोझलला ॲक्रिलिकसाठी १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब पुरतो.

पांढरट पडदा हा दमट हवेचा परिणाम आहे. एनसी थिनर झपाट्याने उडते, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प ओल्या थरात अडकते. सीलर खरवडू नये. चार दिवस कोरडी हवा मिळाली की त्यावर नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा मारावा. थर वरवर विरघळतो, ओलावा निघून जातो आणि पडदा बहुधा नाहीसा होतो. हे काम उघड्यावर करावे, जवळपास चूल किंवा गॅस पेटलेला नसावा, आणि साधे फडके अथवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, म्हणून सेंद्रिय वाफेसाठीच्या काडतुसांचा मास्कच वापरावा. याबाबत कृपया काटकसर करू नये.

खड्डे पडतात ते काँप्रेसरमधून येणाऱ्या तेलामुळे आणि पाण्यामुळे. रेग्युलेटर फक्त दाब कमी करतो. त्याच्या आधी तेल व पाणी अडवणारे फिल्टर हवेच. भारनियमनात रिमवर चढवलेला जीपचा जुना टायर ३० पीएसआयपर्यंत भरून ठेवला तर छोट्या कामापुरती हवा मिळते आणि ती मोटारीच्या धक्क्यांविना, एकसारखी येते. टायरविना नुसती ट्यूब मात्र कधीही वापरू नये. ती फुटण्याचा धोका असतो.

क्रमाबद्दल सांगायचे तर, सागात स्वतःचे तेल असते, त्यामुळे सीलरआधी थिनरच्या फडक्याने लाकूड पुसणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नंतर पातळ सीलर, ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, पुन्हा सीलर, ४०० नंबर, मग करड्या प्रायमरचा एकच पातळ थर आणि शेवटी रंग. लांबी (पुट्टी) भरण्याचा मोह टाळावा, नाहीतर आपण जपलेले सांधे त्यातच बुजतील.

पाणरेषेसाठी जहाज सपाट पाटावर नीट टेकवून पक्के करावे, एका ठोकळ्यावर योग्य उंचीला पेन्सिल बांधावी आणि ठोकळा पाटावरून सरकवत जहाजाभोवती फिरवावा. आधी तळाचा पांढरा रंग द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर रेषेखाली मास्किंग टेप लावावी, टेपच्या कडेवर पांढऱ्याचाच एक हलका फवारा मारून फट बुजवावी आणि त्यानंतर काळा द्यावा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. सागाचे तेल पुसण्याची गोष्ट मला वडिलांनीही कधी सांगितली नव्हती, कारण आमच्याकडे सागाला रंग देण्याची पद्धतच नाही. चौकटीची एक उरलेली फळी आहे. आधी तिच्यावर हा पूर्ण क्रम करून पाहतो आणि कापूस वेचणीला लागण्यापूर्वी, हवेत रुई उडू लागण्याच्या आत, तळाचा पांढरा रंग उरकतो. प्रायमर आणि रंग यांच्यामध्ये किती तास जाऊ द्यावेत, एवढे सांगितल्यास पुढचे काम सुरू करता येईल.