मदत हवी आहे : इटलीतलं मोंतोने आणि यशवंत घाडगे यांचं स्मारक

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आईला घेऊन इटलीला जातोय. रोम वगैरे होईलच, पण आईला ओढ आहे मोंतोनेची. पेरुजाजवळचं हे टेकडीवरचं छोटं गाव. तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातली ही गावं १९४४च्या जुलैत जर्मनांच्या ताब्यातून सुटली, त्यात आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. १० जुलैला नाईक यशवंत घाडगे तिथेच पडले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानेच लढले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), वय अवघं २२. आम्ही माणगावचे, त्यांचा पुतळा लहानपणापासून बघतोय. (१५ ऑगस्टला हार, एरवी कबुतरं.)

मोंतोनेत २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? खालच्या उंबेर्तिदे गावाहून वर जायला बस मिळते की टॅक्सीच करावी लागते? आईचे गुडघे दुखतात, चढ किती आहे? आणि आरेत्सो शहरातल्या युद्ध दफनभूमीत भारतीय जवानांची नावं आहेत, तीही त्याच दिवसात उरकेल का? आईने आत्ताच अबोलीचा गजरा न्यायचं ठरवलंय, तो विमानात टिकवायचा कसा तेही सांगा.