पैसे थांबल्यावर भाडोत्री अंगरक्षक का थांबेल? (विज्ञानकथेसाठी मदत हवी)

निळी_शाई

गेले आठ महिने एक दीर्घकथा लिहितेय, मसुदा सोबत जोडलाय. चंद्रावरच्या वसाहतीत पहिली निवडणूक झालीय आणि अध्यक्षा निवडून आलीय. वसाहतीच्या शिपायांवर तिचा भरवसा नाही, कारण त्यातले निम्मे जुन्या खाणमालकांच्या मर्जीतले. म्हणून तिने पृथ्वीवरच्या एका कंपनीकडून चौदा अंगरक्षक पगारावर आणलेत. सगळे माजी सैनिक.

शेवटच्या प्रकरणात हल्ला होतो आणि नेमका तेव्हाच कंपनीचा निरोप येतो: करार संपला, माघारी या. आठ जण निघतात, सहा थांबतात, आणि त्या सहांतलं कोणीच वाचत नाही.

तीन जणांना वाचायला दिली. तिघांनीही इथेच बोट ठेवलं. पैशासाठी आलेला माणूस पैसे थांबल्यावर कशाला मरेल? मी अध्यक्षेच्या तोंडी एक भाषण घातलं होतं, ते ऐकून सहा जणांचं मन पालटतं. ते तर कोणालाच पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मलाही पटत नाही. पण काही जण थांबतील असं मला आतून वाटतं. ते दाखवायचं कसं, एवढंच सापडत नाहीये.

जुनी_पानं

इतिहासात याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि दोन्ही बाजूंची आहेत.

आधी एक गोष्ट: परका अंगरक्षक ठेवण्यामागचं तुझ्या अध्यक्षेचं कारण अगदी खरं आहे. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा बेसिल याने 988च्या सुमाराला कीव्हच्या व्लादिमिरकडून सुमारे सहा हजार उत्तरेकडचे योद्धे मिळवले, त्यातून वरँजियन गार्ड उभं राहिलं. दरबारातल्या कुठल्याच घराण्याशी त्यांचं नातं नव्हतं, हीच त्यांची किंमत. रोममध्येही सम्राटांनी जर्मन अंगरक्षक ठेवले होते. इसवी सन 41मध्ये कॅलिगुलाला मारलं ते घरच्याच प्रिटोरियन गार्डमधल्या अधिकाऱ्याने, आणि ते कळल्यावर तलवारी उपसून धावले ते परके जर्मन. पुढे सम्राट गाल्बाने 68मध्ये ते जर्मन पथक मोडलं. प्रिटोरियनांना त्याच्या नावाने कबूल केलेली बक्षिसी त्याने दिलीच नाही. जानेवारी 69मध्ये त्याच प्रिटोरियनांनी उठाव केला आणि तो मारला गेला.

भाडोत्री माणूस उलटतो तेव्हा बहुतेक वेळा मागे थकलेला पगार असतो. 30 ऑगस्ट 1773 आपल्याला शाळेपासून माहीत आहे. गारदी वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करत, आणि अठरा वर्षांचे नारायणराव गेले. कारस्थान दुसऱ्यांचं होतं, पण ते गारद्यांकडून करवून घेता आलं ते थकबाकीमुळे.

आणि तुझ्या सहा जणांसाठी 6 मे 1527. रोमवर चालून आलेलं पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सचं सैन्य कित्येक महिने बिनपगारी होतं, त्यांच्या सेनापतीलाही ते आवरेना. पोपच्या बाजूला 189 स्विस गार्ड. त्यातले 147 सेंट पीटरजवळ मारले गेले आणि उरलेल्या 42 जणांनी पोप सातव्या क्लेमेंटला तटावरच्या गुप्त वाटेने किल्ल्यात पोचवलं. म्हणजे पैशासाठी लढणारे दोन्हीकडे होते. एका बाजूचे शहर लुटत सुटले, दुसऱ्या बाजूचे जागेवर मेले. तुझ्या वाचकांना हे एवढं सांगितलंस तरी पुरे.

एक सुचवतो. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असे दोन शब्द आहेत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई, बारगिराला ती सरकारातून मिळत. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची पुंजीच गेली, म्हणून तो घोडा जपून लढणार. तुझ्या चौदा जणांची चिलखतं कोणाच्या मालकीची आहेत? त्यांची स्वतःची, कंपनीची की अध्यक्षेची? कथेत हे कुठेच दिसलं नाही, आणि माझ्या मते अर्धी कथा तिथे आहे.

कक्षाभ्रमण

मालकीचा मुद्दा पटला. चिलखत कंपनीचं असेल तर कंपनी ते दुरून बंद करू शकेल, असं तू लिहिशील. तसं लिहिणार असशील तर अंतराचा हिशेब कर. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर, म्हणजे संदेश एका बाजूने जायला साधारण 1.3 सेकंद, जाऊन-येऊन अडीचच्या वर. पृथ्वीवर बसलेला माणूस जे बघतोय ते आधीच घडून गेलेलं असतं.

गोळीने भिंतीला भोक पडलं की सगळे बाहेर फेकले जातात, हे कृपया काढून टाक. ऑगस्ट 2018मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानात सुमारे 2 मिलिमीटरचं भोक सापडलं. हवा इतकी सावकाश जात होती की नियंत्रण कक्षाने झोपलेल्या अंतराळवीरांना उठवलंसुद्धा नाही. सकाळी आधी पट्टी लावली, मग इपॉक्सीने बुजवलं. बंदुकीच्या गोळीचं भोक याहून मोठं असेल, पण मोठ्या दालनातली हवा त्यातूनही एका झटक्यात जात नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे गुरुत्व. अंगरक्षक अध्यक्षेला खाली पाडतो असं तू लिहिलंयस. एक मीटर उंचीवरून खाली यायला पृथ्वीवर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, चंद्रावर 1.1 सेकंद. तेवढा वेळ ती हवेत तरंगत असेल, सगळ्यांना दिसेल अशी. तिथले अंगरक्षक पाडणार नाहीत, भिंतीवरची मूठ धरून खेचतील.

कायद्याचंही बघ. जिनिव्हा करारांच्या 1977च्या पहिल्या पुरवणी करारातलं 47वं कलम सांगतं की भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचा हक्क नाही. त्यात व्याख्येच्या अटी बऱ्याच आहेत, पण शत्रूच्या हाती लागल्यावर आपल्याला नक्की काय मानलं जाईल ही धास्ती तुझ्या चौदाही जणांना असणार.

तिसरी_पाळी

मी नऊ वर्षं खासगी अंगरक्षकाचं काम केलंय, त्याआधी फौजेत होतो. कथा लिहिता येत नाही, पण हा प्रश्न वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे गोळीबार कमी कर. आम्ही लोकांचे चेहरे बघत नाही, हात बघतो. सगळे टाळ्या वाजवतायत आणि एकाचे हात खाली आहेत, नजर तिथे जाते. काही घडलंच तर आपलं काम लढणं नाही. साहेबांना झाकायचं आणि तिथून काढायचं. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर 30 मार्च 1981ला सहा गोळ्या झाडल्या, सगळा प्रकार 1.7 सेकंदांत संपला. एकाने मागून ढकलून त्यांना गाडीत घातलं. दुसरा हातपाय पसरून गोळीच्या वाटेत उभा राहिला आणि त्याच्या पोटात गोळी बसली. त्या दृश्यात मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती यानंतरची. गाडीतल्या माणसाला रेगन यांच्या तोंडातून येणारं रक्त लालभडक आणि फेसाळ दिसलं, म्हणजे फुप्फुसातलं. त्याने गाडी व्हाइट हाऊसऐवजी रुग्णालयाकडे वळवायला सांगितली. जीव वाचला तो त्यामुळे. वर कक्षाभ्रमण यांनी अडीच सेकंद म्हटलंय. पृथ्वीवरून हुकूम येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. ठरवायचं ते तिथे उभ्या असलेल्या माणसालाच.

आता तुझा मुख्य प्रश्न. एका ठिकाणी आमचे तीन पगार थकले. कंपनीचं नाव घेत नाही. कोणीही काम सोडलं नाही, कोणी उलटलंही नाही. पण आधी काय गेलं ते सांगतो. पाळी बदलताना आम्ही दहा मिनिटं लवकर पोचायचो. आधीचा माणूस सगळं समजावून द्यायचा: मागच्या दाराची कडी सैल झालीय, समोर दोन तासांपासून एक पांढरी गाडी उभी आहे, धाकट्या मुलीला बरं नाही म्हणून रात्री डॉक्टर येतील. दुसऱ्या महिन्यात ती दहा मिनिटं पाचावर आली. तिसऱ्या महिन्यात माणूस नुसत्या चाव्या हातात ठेवायचा आणि निघायचा. मी स्वतः तसं केलंय. माणसं तीच होती, शस्त्रं तीच होती. एका पहाटे फेरी मारताना ते मागचं दार मला नुसतं लोटलेलं दिसलं. रात्रभर तसंच होतं. काही झालं नव्हतं, पण माझ्या पोटात गोळा आला. त्या दारापासून मुलीच्या खोलीपर्यंत मी पावलं मोजली. एकवीस.

माणूस उलटण्याच्या कितीतरी आधी हे सुरू होतं. तुझ्या कथेत करार शेवटच्या पानावर एकदम तुटतो, म्हणून तो खोटा वाटतो. आधीच्या प्रकरणांत तो कणाकणाने झिजू दे.

आणि मी का थांबलो? साहेबांसाठी नाही, माणूस चांगला होता तरी. माझ्यानंतर पाळीला यायचा तो माझा जोडीदार. मी निघालो असतो तर तो सलग सोळा तास एकटा उभा राहिला असता, हे मला माहीत होतं. तोही माझ्यासाठीच थांबला होता. हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही.

म्हणून तुझे सहा कोण ते भाषणाने ठरवू नकोस, पाळीच्या तक्त्याने ठरव. ज्यांचा जोडीदार आतल्या दालनात अडकलाय ते थांबतील. आणि गेलेल्या आठ जणांना भेकड दाखवू नकोस, हात जोडून सांगतो. त्यांचीही घरं आहेत.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. भाषण काढलं. चिलखतं कंपनीची केली आणि मुठी भिंतीवर बसवल्या. तिसरी_पाळी, तुमचं दार आणि एकवीस पावलं वाचून बराच वेळ काही लिहिताच आलं नाही. शेवटचं प्रकरण आता पाळी बदलण्याच्या वहीपासून सुरू करतेय. त्या वहीत नेमकं काय लिहितात, सांगाल का?

तिसरी_पाळी

वेळ. दारं किती, त्यातली बंद किती. आत कोण, बाहेर कोण. काय बिघडलंय. शेवटी दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. घेणाऱ्याची सही होत नाही तोपर्यंत ती जागा देणाऱ्याकडेच असते, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत.