सातव्या महिन्यात शुगर निघाली, आणि पहिलं बाळंतपण उदगीरला करायचं ठरलंय. मदत हवी आहे

आबोली

नमस्कार मंडळी. मला एकोणतिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण, वय ३१. राहायला चिंचवड, माहेर उदगीर. आतापर्यंत सगळं सुरळीत होतं. मागच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, दोन तासांनी रक्त घेतलं आणि शुगर १५८ आली. १४० च्या आत हवी होती. डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणातला मधुमेह आहे. दोन आठवडे खाणं आणि चालणं सांभाळून बघू, नाही जमलं तर गोळी किंवा इन्शुलिन. आमच्याकडे कुणालाच मधुमेह नाही, माझं वजनही बेताचंच होतं, त्यामुळे ऐकून हातपायच गळाले.

त्यांनी आहाराचा छापील कागद दिलाय. त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, ग्रिल्ड पनीर, सॅलड. आमच्या घरी सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, रात्री भाकरी किंवा खिचडी असते. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि स्वयंपाक त्याच बघतात. माझ्यासाठी त्या खरंच खूप करतात. रोज सकाळी डिंकाचा लाडू आणि दूध हातात देतात, चार वाजता नाचणीचं सत्त्व, संध्याकाळी शहाळं. "दोन जीवांची आहेस, नाही म्हणू नकोस" असं म्हणून ताटात भात वाढतात. त्यांना दुखवायचं नाहीये, पण मशीनवरचा आकडा बघितला की घास उतरत नाही.

घरी मशीनवर तपासते. उपाशीपोटी ८८ ते ९२ येते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर ११५ च्या आसपास. पण नाश्त्यानंतर १४० च्या वर, आणि पोहे असले की १५० लासुद्धा गेलीय. सकाळीच असं का होतं?

दुसरं, बाळंतपण माहेरी करायचं ठरलंय. बाबांचं बायपास झालंय, त्यांना सोडून आई इकडे येऊ शकत नाही. उदगीरच्या डॉक्टर चांगल्या आहेत, माझ्या वहिनीची दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. पण तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नाही, लागलं तर लातूर गाठावं लागेल. शुगर निघाल्यावर आता तिकडे जावं का? गेले तर कितव्या आठवड्यात, आणि गाडीने की रेल्वेने?

बाकी त्रास म्हणजे रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, आडवं झालं की छातीत जळजळतं, आणि लोहाच्या गोळीने पोट साफ होत नाही. हिमोग्लोबिन १०.२ आहे. कळांची भीती वाटते ती वेगळीच. ज्यांनी यातून गेलंय किंवा ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त सिस्टर

आबोली, आधी एक ऐक. तू काही वेडंवाकडं खाल्लंस म्हणून हे झालेलं नाही. वार जसजशी वाढते तसे तिच्यातून येणारे हार्मोन आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून शरीर हे करतं. काहींच्या स्वादुपिंडाला तेवढं जास्तीचं इन्शुलिन पुरवता येत नाही, मग शुगर वर जाते. सडपातळ बायकांनाही होतं. म्हणून तर आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते.

सकाळचं म्हणशील तर त्या वेळी शरीरातले इन्शुलिनला विरोध करणारे हार्मोन चढलेले असतात. तीच वाटीभर पोह्यांची बशी दुपारी खाल्लीस तर आकडा कमी येईल. म्हणून नाश्त्याला पिष्ट कमी आणि प्रथिनं जास्त ठेव. लाडू, दूध, पोहे हे तिन्ही सकाळी एकत्र अजिबात नको.

आपल्याला गाठायचं आहे ते असं: उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. हे दोन तास पहिला घास घेतल्यापासून मोजायचे, ताटावरून उठल्यापासून नव्हे. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे कर. फळ कापलेल्या बोटातून रक्त घेतलं तर आकडा उगाच वाढलेला दिसतो. आणि बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोच, दुखतं कमी.

इन्शुलिन लागलं तर घाबरू नकोस. ते वारेतून बाळाकडे जात नाही आणि बहुतेक जणींचं बाळंतपणानंतर लगेच बंद होतं. त्याच्या भीतीने उपाशी राहणाऱ्या मुली मी वॉर्डात पाहिल्यात, त्यांची मला जास्त काळजी वाटायची. जेवण चुकवायचं नाही, उपास करायचे नाहीत. साबुदाणा तर जवळजवळ नुसतं पिष्टच.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतेस का ते बघ. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह अंगी लागत नाही. चहा-कॉफीही गोळीच्या आसपास नको. लिंबूपाण्याबरोबर घे, बिनसाखरेच्या. शौचाला काळं होतं ते गोळीमुळेच, त्यात काही वावगं नाही. खडा होत असेल तर पाणी आणि पालेभाज्या वाढव, तरी नाही जमलं तर डॉक्टरांना गोळी बदलून माग, स्वतःहून बंद करू नकोस. गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमीच धरतात. १०.२ आत्ता भरून काढता येतं, नवव्या महिन्यात धावपळ होते.

तगर

आबोली, माझ्या दुसऱ्या वेळी हेच झालं होतं, तेव्हा स्वयंपाकघरातलं मी सांगते. तो कागद बाजूला ठेव, आपल्याच जेवणात सगळं बसतं.

नाश्त्याला मुगाचं धिरडं, आत पनीर किंवा कोबी किसून. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि अर्धी भाकरी. थालीपीठ लहान, सोबत दही. पोह्यांची आठवण आलीच तर पोहे मूठभर आणि मोड आलेली मटकी, दाणे, कोबी असं सगळं मिळून बशी भर. माझ्या बाबतीत एवढ्या बदलानेच सकाळचा आकडा खाली आला.

दुपारी आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, मग भाकरी, भात सगळ्यात शेवटी आणि वाटीभरच. त्याच जेवणाचा क्रम बदलला तरी आकड्यात फरक दिसतो, करून बघ. नाचणीची भाकरी चांगली, पण सत्त्व म्हणजे दळून गाळून शिजवलेलं पातळ पिष्ट, ते पटकन रक्तात उतरतं. वर गूळ असेल तर विचारूच नको. गुळाने शुगर वाढत नाही असं बऱ्याच घरांत धरून चालतात, साखरेइतकीच वाढते. शहाळ्यातही साखर असतेच, रोज पूर्ण नको. फळात पेरू, सफरचंद, तेही जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी. झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध किंवा मूठभर दाणे घे, म्हणजे रात्र फार लांबत नाही.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं. आम्ही पार्किंगमध्येच फेऱ्या मारायचो. सकाळी तासभर चालण्यापेक्षा हे तीन वेळचं थोडंथोडं चालणं मला जास्त लागू पडलं.

सासूबाईंचं सांगू? माझ्या सासूबाई पण अशाच मायाळू. मी वाद घातलाच नाही. मशीन आणि वही त्यांच्याच हातात दिली. पट्टी त्या लावायच्या, आकडा त्याच मोठ्याने वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. लाडवाच्या दिवशी १६० आणि धिरड्याच्या दिवशी ११२ हे त्यांनीच लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनीच शेजारणीला सांगितलं की आमच्या सुनेला गोड देऊ नका. बाईमाणसाला जबाबदारी दिली की ती तुमच्या बाजूने उभी राहते, हा माझा अनुभव. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत.

कुर्डुवाडीकर

प्रवासाबद्दल लिहितो. पत्नीला आठव्या महिन्यात लातूरला सोडलं होतं. पुण्याहून बिदरला जाणारी एक्स्प्रेस उदगीरवरून जाते, गाडीच्या रस्त्यापेक्षा ती बरी. आडवं होता येतं, उठून चालता येतं, स्वच्छतागृह हाताशी. तिकीट काढताना गरोदर महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो मागा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. कारने जाणार असाल तर दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, पोटाखाली मांड्यांवर घ्या.

फाईलची एक झेरॉक्स वेगळ्या पिशवीत आणि सगळ्या रिपोर्टचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. शुगरचं मशीन आणि पट्ट्या पुरेशा घ्या, तालुक्याला त्याच कंपनीच्या मिळतीलच असं नाही. आणि ताई, तुमच्या मिस्टरांना आत्ताच लातूरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता आणि १०८ ची रुग्णवाहिका कुठून निघते हे विचारून ठेवायला सांगा. ऐन वेळी माणूस गडबडतो.

आबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. तगरताई, वहीची युक्ती आजपासूनच सुरू केली, सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः पट्टी घातली. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. रविवारी डोहाळेजेवण आहे. पंचपक्वान्नं होणार, त्या दिवशी काय करू? आणि सिस्टर, उदगीर की पुणे हे तुम्ही स्पष्ट सांगाल का?

तगर

डोहाळेजेवण आनंदाने कर. वाटीतून ओळखायचं ते पेढा की बर्फी, ते होऊ दे, एक घास खा. ताटात उसळ, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा भरपूर घे, गोडातलं एकच आणि तेही जेवणाच्या शेवटी चमचाभर. ओटी भरायला येणाऱ्या बायका भरवतातच, तेव्हा सासूबाईंना शेजारी बसव, त्या सांभाळतील. नंतर जिन्यात फोटो काढायच्या निमित्ताने थोडं चाल.

निवृत्त सिस्टर

उदगीर की पुणे याचं उत्तर आज देता येणार नाही, पण कसं ठरवायचं ते सांगते. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या वाढीची सोनोग्राफी होईल. शुगर नुसत्या खाण्याने ताब्यात असेल, बाळाचं वजन आठवड्यांप्रमाणे असेल, बीपी नीट असेल, तर उदगीरच्या डॉक्टरांशी बोल. त्यांना थेट विचार: बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञ हजर राहतील का, बाळाची शुगर तिथे तपासता येते का, रक्ताची सोय कुठून, आणि सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात. उत्तरं पटली तर खुशाल जा, आणि चौतिसाव्या आठवड्याच्या आत जा म्हणजे त्यांना तुला दोन-चार वेळा बघता येईल. इन्शुलिन लागलं, बाळ मोठं दिसलं किंवा बीपी चढलं, तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: नवजात बाळांचा विभाग आहे तिथेच बाळंतपण व्हावं, मग ते लातूर असो की पुणे. लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आई उदगीरला आणि दवाखाना लातूरला, असंही बऱ्याच मुली करतात. शेवटचे पंधरा दिवस लातूरला नातेवाइकांकडे राहतात.

बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेव. जेवल्यावर डाव्या कुशीवर पड आणि मोज, दोन तासांत दहा तरी व्हायला हव्यात. कमी वाटल्या तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. तसंच डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर फोनवर विचारत बसू नकोस, सरळ जा.

गोळे आले की पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढ, पोटरी ताणली की सुटतात. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, दोन उशा डोक्याखाली, एक गुडघ्यांमध्ये, डावी कूस.

कळांचं असं की पहिलटकरणीला वेळ लागतो, बारा-अठरा तासही जातात. सुरुवातीच्या कळा अनियमित असतात, चाललं किंवा कूस बदललं की थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, अंतर कमी होत जातं आणि जोर वाढतो. दर पाच मिनिटांनी येऊ लागल्या आणि तासभर तशाच राहिल्या की निघायचं. तुला शुगर आहे म्हणून थोडं आधीच निघ. सुरुवातीला पडून राहू नकोस, चाल, कठड्याला धरून उभी राहा, आईला कंबर चोळायला सांग. कळ आली की श्वास नाकाने घेऊन तोंडाने लांब सोडायचा, हे आत्तापासून रोज करून ठेव. सोबतीला कुणाला आत घेतात ते आधी विचारून घे. सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी जवळची एक बाई सोबत असावी असं केंद्र सरकारचं धोरण आहे. आई आत असली तर तुझी अर्धी भीती तिथेच जाईल.

बाळ झाल्यावर तासाभराच्या आत अंगावर पाजायला घे. आईची शुगर जास्त असली की बाळाची जन्मानंतर खाली येऊ शकते, म्हणून त्याच्या टाचेतून रक्त घेऊन तपासतील. ते पाहून रडू नकोस. आणि तुझीही ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी सहा आठवड्यांनी पुन्हा करायची. बाळाच्या दीड महिन्याच्या लशीला जाशील त्याच दिवशी करून घे, नाहीतर ती राहून जाते. डिंकाचे लाडू तेव्हा किती खायचे ते त्या रिपोर्टनंतर ठरवू.