रांग टाळून गाडी काढणारे

विमानतळावरच्या तपासणीबद्दल दोन सूर ऐकू येतात: ती म्हणजे नुसता देखावा, आणि जिवापुढे अर्ध्या तासाची रांग ती काय. दुसऱ्यात एक गोची आहे. रांगेला वैतागलेला माणूस घरी बसतोच असं नाही, तो गाडी काढतो. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर चेक-इन सामानाची तपासणी कडक झाली. कॉर्नेल विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाने तेवढ्यानेच विमानप्रवासी सुमारे ६ टक्क्यांनी घटले. आणि मैलामागे बघितलं तर रस्ता विमानापेक्षा कितीतरी जास्त बळी घेतो.

बाकी, एकदा चिकटलेला नियम निघता निघत नाही. डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीड बुटात स्फोटकं घेऊन विमानात बसला. पुढे सगळ्यांनाच बूट काढायला लागले. अमेरिकेत ते पायात राहू द्यायला जुलै २०२५ उजाडलं! हातातल्या सामानात द्रव किंवा क्रीम १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डबीत न्यायचं नाही, हे लफडं ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघडकीला आलेल्या, द्रव स्फोटकांनी विमानं उडवायच्या कटापासूनचं.

माझी परवा २०० मिलिलिटरची क्रीमची ट्यूब गेली. तळाशी बोटभर क्रीम उरलं होतं, पण बघतात तो वरचा छापील आकडा. त्याचंही एक वेळ सोडा. रांगेत माझ्या मागे एक आजी एका हाताने ट्रे सांभाळत, दुसऱ्याने टेबलाची कड धरून बूट काढत होत्या. तिथे निदान एखादं बाकडं तरी टाका की!